राजाचा दोष किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी व्याख्यानाचा मान आम्हांस दिल्याबद्दल कार्यकारिणीचे प्रथम आभार मानतो. आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो युवक शाखेने आमच्या गळ्यात घातला आहे. गेल्या गणेशोत्सवातील वादविवादस्पर्धेत ‘आर्थिक मंदीस राष्ट्राचा अध्यक्षच जबाबदार असतो’ असा प्रस्ताव ठेवण्यात आला होता. दोन्ही बाजूंची मुले तावातावाने बोलली. एका बाजूने सर्व दोष गादीवर बसलेल्या माणसाच्या माथी मारला, दुसऱ्या बाजूने तो बाजाराच्या, पावसाच्या आणि परदेशांच्या माथी मारला. परीक्षकांनी निकाल दिला, बक्षिसे वाटली गेली, परंतु वाद काही मिटला नाही. ‘काका, तुम्ही सरकारी हिशेब खात्यात जन्म काढला, तुम्हीच सांगा’ असा आग्रह झाला. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे, साधे बी. ए. आहोत. परंतु आकडे कोण, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहितो, हे पाहण्याची सवय नोकरीने लावली आहे. तेवढ्या शिदोरीवर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आरंभीच दोन खुलासे केले पाहिजेत. प्रस्तावातील ‘अध्यक्ष’ हा शब्द अमेरिकेकडून आलेला आहे. आपले राष्ट्रपती घटनेच्या ७४ व्या कलमान्वये मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तूरडाळ महागली म्हणून राष्ट्रपतिभवनास कोणी दोष देत नाही. तेव्हा आज आम्ही ‘राजा’ म्हणू त्या वेळी ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आणि हुकमाची लेखणी असते तो, एवढाच अर्थ घ्यावा. दुसरा खुलासा असा की, सेवेत असलेल्या शासकीय सेवकाने शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये असा वर्तणूक नियम आहे आणि आमच्या निवृत्तीस अजून अवकाश आहे. त्यामुळे जे राजे इतिहासजमा झाले त्यांच्याविषयीच आम्ही बोलणार आहोत. त्यांनी आमच्याविरुद्ध तक्रार करण्याचा संभव नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर ठरून गेलेले आहे. शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिरास सांगतात की, काळ राजाला घडवितो की राजा काळाला, याविषयी मनात संशयच ठेवू नकोस. काळाचे कारण राजाच होय. राज्यकर्त्यास धारेवर धरावयाचे असले की व्यासपीठावरून या वचनाचा आधार हमखास घेतला जातो. परंतु त्याच्या आजूबाजूचा मजकूर सहसा कोणी वाचीत नाही. तेथे भीष्म दंडनीतीविषयी बोलत आहेत. राजा ती पूर्णपणे चालवील तर कृतयुग, एक अंश सोडील तर त्रेता, निम्मी सोडील तर द्वापर आणि सर्वच सोडील तर कली, असा तो क्रम आहे. म्हणजे जे करणे राजाच्या हाती आहे, त्याचाच हिशेब भीष्मांनी मांडला आहे. कौटिल्य तर त्याहून व्यवहारी. दुर्भिक्षास त्याने दैवी संकटांच्या यादीत घातले, आणि लगेच पुढे राजाने बी-बियाणे व धान्य पुरवावे, दुर्गांची व बंधाऱ्यांची कामे काढून लोकांस त्यावर लावावे, असे सांगितले. दुष्काळाचे येणे त्याने दैवाच्या खाती टाकले. आल्यानंतरचा व्यवहार मात्र राजाच्या खाती.

आमच्या कचेरीतील अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. वर्षअखेरीस वसुलीचे अहवाल वरिष्ठांकडे जातात. वसुली उद्दिष्टापेक्षा अधिक झाली असली तर अहवालाचे पहिले वाक्य ‘या कार्यालयाने केलेल्या विशेष प्रयत्नांमुळे’ असे सुरू होते. कमी झाली असली तर ते ‘प्रतिकूल परिस्थितीमुळे’ असे सुरू होते. इतक्या वर्षांत याच्या उलट लिहिलेला एकही कागद आमच्या नजरेस आला नाही. राज्यकर्ते आणि त्यांचे विरोधक नेमके हेच करीत असतात. फक्त दोघांचे कागद एकमेकांच्या उलट असतात.

आता दूरचे राहो, आपल्याच पायांखालची भूमी पाहू. या झाशीत एका राजावर आर्थिक ऱ्हासाचा आरोप ठेवण्यात आला, तो सरकारी कागदोपत्री नोंदला गेला, आणि त्याचा परिणाम काय झाला हे आपणांस सांगावयास नको.

नारोशंकरांनी १७४२ पासून येथील सुभेदारी करताना किल्ला वाढविला आणि शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्यातील रघुनाथ हरी यांनी सुभा सावरला. महालक्ष्मीचे मंदिर हे त्यांच्याच काळातील. त्यांचे बंधू शिवरावभाऊ यांनी शहराभोवती तट बांधला आणि १८०४ मध्ये इंग्रजांशी तह केला. पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क १८१७ मध्ये कंपनीस देऊन टाकल्यावर शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी वंशपरंपरेचा तह झाला, आणि १८३२ मध्ये त्यांस महाराजा ही पदवी मिळाली. पदवी मिळाली खरी, परंतु ठाकुरांची लुटालूट चालू होती आणि महसूल घसरणीस लागला होता. १८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. तीनच वर्षे त्यांनी राज्य केले. त्या तीन वर्षांत कर्ज वाढले, गावे गहाण पडली, महसूल पार रसातळास गेला, असे कंपनीचे दप्तर सांगते. ते व्याधिग्रस्त होते, उधळे होते, हेही त्यात नमूद आहे. १८३८ मध्ये ते वारले, तेव्हा वारसाचा प्रश्न कंपनीने आपल्या हाती घेतला. चार दावेदारांतून गंगाधररावांची निवड झाली. परंतु कारभार कंपनीच्या अधिकाऱ्याकडेच राहिला. कर्ज फिटल्यावर तो गंगाधररावांच्या हाती आला. त्याही वेळी बुंदेलखंड लीजन या पलटणीच्या खर्चापोटी सुमारे सव्वादोन लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीने ठेवून घेतला.

या हकिकतीवरून सामान्य वाचक एकच निष्कर्ष काढील: राजा वाईट होता म्हणून झाशी बुडाली, साहेब चांगला होता म्हणून ती तरली. शाळेत असताना आम्हीही हेच शिकलो, आणि आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी रघुनाथरावांचे नाव निघाले की विषय बदलीत. गंगाधररावांचे नाट्यप्रेम सांगावे, बाईसाहेबांचा पराक्रम सांगावा, मधली तीन वर्षे गाळावी, असा आपल्याकडे शिरस्ताच आहे. परंतु हिशेबनीसाला मधली तीन वर्षे गाळून चालत नाही.

त्या वर्षांत बुंदेलखंडात आणखी काय चालले होते? १८३३ मध्ये या प्रदेशाने दुष्काळ पाहिला. १८३७-३८ चा दुष्काळ तर दोआबापासून यमुनेच्या या तीरापर्यंत पसरला. काल्पी ही कापसाची मोठी पेठ होती, आणि कंपनी स्वतः तेथे कापूस घेत असे. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापारच बंद झाला. त्याच सुमारास, १८३० पासूनच्या तीन-चार वर्षांत, कलकत्त्याच्या मोठमोठ्या एजन्सी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि नीळ-कापसाच्या व्यवहारातील पैसा आटला. झाशीच्या महालात नाच-तमाशे झाले नसते तरी काल्पीचा बाजार पडलाच असता. आमच्या मते निर्णायक तुलना मात्र वेगळीच आहे. शेजारचे बांदा आणि हमीरपूर हे जिल्हे या काळात थेट कंपनीच्या अमलाखाली होते. तेथे रघुनाथराव नव्हते. तरीसुद्धा तेथे भरमसाट साऱ्याच्या आकारणीने जमीनदार नागवले गेले, जमिनी लिलावास निघाल्या, गावे ओस पडली. राजा नसलेल्या मुलखात आणि राजा असलेल्या मुलखात अनर्थ सारखाच असेल, तर त्या अनर्थाचे सारे खापर राजावर फोडता येत नाही. मात्र सारे त्याच्यापासून काढूनही घेता येत नाही. दुष्काळात सारा तहकूब करणे सोडून गावे गहाण टाकणे, ही निवड रघुनाथरावांची होती. ती पावसाने केलेली नव्हती.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. दत्तकविधान झाले होते. ते नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये झाशी खालसा केली. त्याच्या टिपणात कायद्याचा मुद्दा तर होताच. परंतु खालसा केल्याने येथील प्रजेचे कल्याण होईल, हे अनुभवावरून सिद्ध आहे, असाही युक्तिवाद होता. हा अनुभव म्हणजे मागील राजांची अनागोंदी आणि कंपनीच्या अधिकाऱ्याने बसविलेली घडी. मित्रहो, आपल्या प्रस्तावात जीव आहे तो येथे. ‘मंदीस राजा जबाबदार’ हा नुसता वादविवादाचा विषय नव्हे. त्या वाक्याच्या आधारे राज्ये घेतली गेली आहेत. दोन वर्षांनी अवध घेतले गेले ते तर उघडपणे गैरकारभाराच्याच नावाने. म्हणून असा आरोप कोणी ठेवला की आम्ही प्रथम एवढेच पाहतो की, आरोप सिद्ध झाल्यास किल्ली कोणाच्या खिशात जाणार आहे.

बरे, साहेबाच्या हाती किल्ली गेल्यावर झाशीची स्थिती कशी झाली? विष्णुभट गोडसे या वरसईच्या भिक्षुकाने ‘माझा प्रवास’ मध्ये १८५७-५८ ची झाशी डोळ्यांनी पाहून लिहिली आहे. घरच्या दारिद्र्यामुळे दक्षिणेच्या आशेने ते कोकणातून निघाले आणि येथे अडकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले, त्यानंतरच्या लुटीचे व कत्तलीचे वर्णन त्यांनी केले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल काही दिवसांत नाहीसे झाले. १८६१ मध्ये शहर व किल्ला शिंद्यांस देण्यात आला आणि इंग्रजांनी शेजारी नौआबाद वसविले. म्हणजे एकाच पेठेच्या मधून दोन राज्यांची हद्द गेली. ती १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याशी अदलाबदल होईपर्यंत तशीच होती. १८६८-६९ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. नांगर न चाललेल्या काळ्या रानात कांस माजले. ते गवत एकदा बसले की वर्षानुवर्षे हटत नाही, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. जमीनदार सावकारांच्या कर्जात इतके रुतले की १८८२ मध्ये सरकारला खास झाशीसाठी कर्जग्रस्त इस्टेटींचा कायदा करावा लागला. ज्यांनी कर्जबाजारीपणाचा ठपका ठेवून राज्य घेतले, त्यांच्याच अमलात अठ्ठावीस वर्षांनी संपूर्ण जिल्ह्याच्या कर्जावर कायदा करण्याची पाळी आली! त्या वेळी दोष द्यावयास राजा शिल्लक नव्हता, म्हणून तो शेतकऱ्याच्या आळसास आणि लग्नसमारंभांतील खर्चास देण्यात आला.

जाता जाता मऊरानीपुरची गोष्ट सांगतो, कारण ती दोन्ही बाजूंच्या वादपटूंना अडचणीची आहे. मऊरानीपुरचा लाल खारवा एके काळी दूरदूर जात असे. त्याचा रंग आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून निघे, आणि आलीची लागवड हे बुंदेलखंडातील शेतकऱ्याचे नगदी पीक होते. १८६८-६९ मध्ये जर्मनीतील दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत लाल रंग तयार करण्याची युक्ती शोधली, आणि काही दशकांत आलीचे रान मोडले. यात ना नेवाळकरांचा दोष, ना कंपनीचा, ना राणी व्हिक्टोरियाचा. अशाही मंद्या असतात. मात्र ज्यांचे पीक गेले त्यांस दुसरे पीक लावून देण्यासाठी कोणी काय केले, हा प्रश्न उरतोच.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाच वाद मोठ्या व्यासपीठावर झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर रमेशचंद्र दत्त यांनी लॉर्ड कर्झनला अनावृत पत्रे लिहून जमीनमहसुलाची जबर आकारणी हे दुष्काळाच्या तीव्रतेचे कारण ठरविले. कर्झनच्या सरकारने १९०२ मध्ये ठराव काढून, दोष पावसाचा आहे, असे उत्तर दिले. त्यापूर्वीच, १८९६ च्या दुष्काळात, टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांस सांगितले होते की दुष्काळसंहिता सरकारनेच केली आहे, तिच्यातील हक्क मागून घ्या. पावसाबद्दल टिळकांनी सरकारला जाब विचारला नाही. सरकारने स्वतःच लिहून दिलेल्या नियमांबद्दल विचारला. आम्हांस हा मार्ग दत्तांच्या मार्गापेक्षाही पक्का वाटतो. आणि या सर्वांना आकडे कोण पुरवीत होते? गणेश व्यंकटेश जोशी नावाचे सरकारी शाळेतील एक शिक्षक. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे लेख निनावी असत. सरकारी नोकराची अडचण तेव्हाही हीच होती.

अमेरिकेचे उदाहरण मुलांनी स्पर्धेत दिलेच होते, म्हणून थोडक्यात. हूव्हर मार्च १९२९ मध्ये अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. सात महिन्यांत एवढा फुगा कोणी फुगवू शकत नाही. तो आधीच्यांनी फुगविला होता. परंतु १९३० मध्ये आयातकर वाढविणाऱ्या कायद्यावर सही हूव्हर यांनीच केली, आणि हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी ती करू नका अशी विनंती केल्यानंतर केली. १९३३ पर्यंत चारांतील एक कामकरी बेकार झाला होता. बेघरांच्या झोपड्यांच्या वस्त्यांना लोकांनी हूव्हर यांचेच नाव दिले. उलट १९९२ मध्ये थोरले बुश निवडणूक हरले तेव्हा मंदी संपून वर्ष उलटले होते. ती संपल्याची वर्दी मतदारांच्या घरापर्यंत पोहोचली नव्हती, इतकेच.

आता महाराष्ट्राकडे वळतो. येथे जरा रेंगाळण्याची परवानगी असावी, कारण आपल्यापैकी कित्येकांचे नातलग त्या वर्षांत खडी फोडीत होते.

वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. १९६५ च्या सुमारास त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर केले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपणांस फाशी द्यावे. राज्यकर्त्याने जबाबदारी इतक्या उघडपणे स्वतःच्या गळ्यात बांधून घेतल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. संकरित ज्वारी आली, उत्पादन वाढले. आणि नंतर १९७० पासून पाऊस रुसत गेला. १९७२ मध्ये तर त्याने पाठच फिरविली. धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत आणि बाजारांत गेली.

विरोधकांनी ती शनिवारवाड्यावरील घोषणा काढून दाखविली असल्यास नवल नाही. परंतु न्याय करावयाचा तर हिशेब उलगडून पाहिला पाहिजे. पाऊस न पडणे नाईकांच्या हाती नव्हते. धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवरील निर्बंध आणि केंद्राकडून मिळणारा कोटा हेही मुंबईच्या सचिवालयात ठरत नव्हते. तशात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचे भाव चढविले, आणि १९७४ मध्ये देशात महागाई शेकडा पंचवीसच्या वर गेली. त्या वेळी दिल्लीत अर्थखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. कऱ्हाडच्या या पुत्रास तेलाच्या विहिरींवर हुकूम चालविता येत नव्हता, तरी बोल त्यांनाही खावे लागले.

दुसऱ्या बाजूस, राज्यातील लागवडीच्या जमिनीपैकी शेकडा दहाहूनही कमी जमिनीस पाणी मिळत होते, आणि त्यातील मोठा वाटा उसाने उचलला होता. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील पाटबंधारे आयोगाने १९६२ मध्येच पाण्याचा सारा आराखडा सरकारपुढे ठेवला होता. पाणी कोणास द्यावयाचे हे आकाश ठरवीत नाही, मंत्रिमंडळ ठरविते. येथे नाईक सरकारच्या खाती नावे टाकावीच लागते.

आणि जमेस काय? दुष्काळी कामे. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेला मिलो लोकांनी नाक मुरडीत का होईना खाल्ला. इतक्या मोठ्या तुटीत जशी माणसे मरावयास हवी होती तशी मेली नाहीत, हे आजही देशोदेशींचे अभ्यासक मान्य करतात. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात आधीच रोजगार हमीचा प्रयोग केला होता. तो राज्यभर गेला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ तेथे आहे. कौटिल्याने सांगितलेले बंधाऱ्यांचे काम येथे हक्क म्हणून आले. याचा खर्च कोणी द्यावयाचा, हाही प्रश्न त्यांनी टाळला नाही. १९७५ मध्ये व्यवसायकर बसविला, आणि मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या वेतनातून दरमहा तो कापला जाऊ लागला. आमचे मुंबईचे मेहुणे या कपातीवर वर्षानुवर्षे कुरकुर करीत. त्यांच्या कुरकुरीत आम्हांस नेहमी बरे वाटत आले आहे. शहराच्या खिशातून चार पैसे खेड्याच्या खाईत पडले याची ती पावती होती.

नाईकांना फाशी द्यावयाची की नाही, याचे उत्तर श्रोत्यांनी आपापल्या मनाशी द्यावे. आमचे मत एवढेच की, १९७२ चा दोष त्यांच्याकडे जितका येतो तो १९६२ ते १९७२ या दहा वर्षांचा येतो, त्या एका वर्षाचा नाही.

१९९१ ची गोष्ट बहुतेकांस आठवत असेल. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात २० टन सोने विकावे लागले आणि जुलैत सुमारे ४७ टन विलायतेस गहाण गेले. सोने देशाबाहेर निघाले त्या वेळी चंद्रशेखर यांचे काळजीवाहू सरकार होते, म्हणून अपकीर्ती त्यांच्या पदरी पडली. वस्तुतः १९८० नंतरचे दशकभर खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता. राजापूरचे खासदार मधु दंडवते डिसेंबर १९८९ मध्ये अर्थमंत्री झाले, तेव्हाच त्यांनी तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले होते. लोकांनी ते नव्या सरकारचे नेहमीचे रडगाणे समजून सोडून दिले. पुढे १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतले आणि तेल भडकले. गहाणखतावर सही करणारा माणूस आणि कर्ज करणारा माणूस एकच असतो असे नाही. घरातील वाटण्यांत हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

एका युवकाने आम्हांस विचारले, ‘काका, असे असेल तर मतदार जे करतात तो अन्यायच म्हणावयाचा का?’ १९९८ मध्ये अवकाळी पावसाने कांदा नासला, भाव गगनास भिडले, आणि दिल्ली व राजस्थानची राज्यसरकारे निवडणुकीत गेली. लासलगावात पाऊस पडावा आणि दिल्लीची खुर्ची वाहून जावी, हे तर्काला धरून नाही, हे खरे. परंतु मतदार न्यायाधीश नसतो. त्याच्या हाती पाच वर्षांतून एकदा येणारी एकच कळ असते. तेल, पाऊस, अमेरिकेची बँक यांच्या कळा त्याच्या हाती नसतात. तो आपल्या हातची कळ दाबतो. त्यातून दुसऱ्या दिवशी नवा राजा गोदामातील कांदा मोजावयास लागला तर आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती शिकल्या-सवरल्या माणसांविषयी. ज्यांना दप्तर वाचता येते, त्यांनीही केवळ खुर्चीवर कोण होते एवढेच पाहून निकाल द्यावा, आणि आपल्या आवडीचा राजा असला की पावसाचे तक्ते काढावे, नावडता असला की तेच तक्ते लपवावे, हे बरे नव्हे. या सभागृहात बसलेले आपण सगळेच कोठल्या ना कोठल्या राजाच्या बाबतीत तसे करीत असतो.

बुंदेलखंडालाच आजही हा प्रश्न लागू आहे. २००३ नंतरच्या काही वर्षांत लागोपाठ अवर्षणे झाली, माणसे घरांना कुलपे लावून दिल्ली-सुरतेस गेली, आणि २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील सात व मध्य प्रदेशातील सहा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांची विशेष योजना मंजूर झाली. तिच्याविषयी अधिक बोलणे आम्हांस उपरिनिर्दिष्ट नियमामुळे शक्य नाही. चंदेलांनी बांधलेले तलाव मात्र हजार वर्षांनंतर काही ठिकाणी अजून पाणी धरतात, एवढे कोणीही जाऊन पाहू शकतो.

आता रघुनाथरावांच्या खात्यातील शेवटची नोंद तेवढी राहिली. गहाण पडलेली गावे आणि उधळपट्टी त्यांच्या नावे. दुष्काळ, काल्पीची पडलेली पेठ आणि कलकत्त्याच्या बुडालेल्या पेढ्या त्यांच्या नावे नाहीत. ठाकुरांची लुटालूट निम्मी त्यांच्या पूर्वसूरींच्या नावे. व्याधी कोणाच्याच नावे नाही. आणि १८५४ ची नोंद कंपनीच्या स्वतःच्याच वहीत आहे. मागील राजांनी राज्य कर्जात घातले, हा दाखला देऊन ज्यांनी झाशी घेतली, त्यांनी गंगाधररावांच्या मृत्यूनंतरचे कर्ज मात्र राज्याबरोबर घेतले नाही. महसूल कंपनीकडे गेला, आणि कर्ज राजाचे खासगी ठरवून राणीसाहेबांच्या दरमहा पाच हजारांच्या तनख्यातून वळते करण्याचा हुकूम निघाला. राणीसाहेबांनी त्यास लेखी हरकत घेतली. ती मान्य झाली नाही.